जशभाई लेस्टरला जाऊन आले

जशभाई पटेलांना विलायतेचा व्हिसा तिसऱ्यांदा नाकारला गेला, तेव्हा त्यांना नकाराचा राग आला नाही. राग आला तो कारणाचा. पत्रात लिहिलं होतं की, मुदत संपल्यावर अर्जदार आपल्या देशी परत येईल अशी आमची खात्री पटत नाही.

जशभाई पेटलादच्या नगरपालिकेत चौतीस वर्षं पाणीखात्यात होते आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. या चौतीस वर्षांत आणंदला गेले तरी दुपारच्या जेवणाला घरी. अशा माणसावर संशय!

"मी परत येणार नाही?" ते त्या पत्रालाच म्हणाले. "अहो, मी कधी सासरीसुद्धा मुक्काम केला नाही!"

"ते मात्र खरं आहे," आतून कपिलाबेन म्हणाल्या. "माझ्या भावाच्या लग्नात वरात निघाली आणि तुम्ही संध्याकाळच्या गाडीला निघालात. त्या साहेबांना माझी साक्ष हवी असेल तर देईन."

जशभाई राहायचे त्या खडकीत एका मोठ्या दरवाजाआड समोरासमोर अकरा घरं. त्यांतल्या दहा घरांत माळ्यावर एक तरी बॅग अशी होती की जिच्या मुठीला विमानकंपनीची कागदी पट्टी लोंबत होती. आणंद-पेटलादच्या या चरोतर मुलखात ही पट्टी कोणी फाडत नाही. बॅग फाटते, पट्टी राहते. जशभाईंची बॅग तेवढी लग्नाआधीच्या नवरीच्या कपाळासारखी कोरी. तिसरा नकार आला हे त्यांनी खडकीत कोणाला सांगितलं नाही. पत्र दुमडून पाणीपट्टीच्या जुन्या पावत्यांच्या फायलीत ठेवून दिलं. तिथे ठेवलेला कागद कोणाला सापडत नाही हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

सांगितलं फक्त मेव्हण्याला, रावजीभाईला. तीच पहिली चूक. रावजीभाईंना तंबाखूचा व्यापार सोडून दहा वर्षं झाली होती, तेव्हापासून ते सल्ल्याचा व्यापार करत. माल फुकट, आणि परत घ्यायची सोय नाही.

"बनेवीलाल, व्हिसाला मारा गोळी," ते बहिणीच्या नवऱ्याला म्हणाले. "बडोद्याच्या फाल्गुनीबेन घरबसल्या सहल काढतात. तिकडे त्यांनी नेमलेली एक मुलगी फोन घेऊन खरोखर रस्त्यानं चालते, इथे तुम्ही टीव्हीत बघायचं. ती बोलते, तुम्ही विचारायचं. लंडनपासून लेस्टरपर्यंत दहा दिवस. पाय दुखत नाहीत, जेवण घरचं, आणि परत येण्याचा प्रश्नच नाही!"

जशभाईंनी नाक मुरडलं. पण अर्जाचा नमुना आला आणि ते विरघळले. चार पानी अर्ज होता. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, पासपोर्टची नक्कल, गरम कपडे जवळ आहेत का, कोणतं औषध चालू आहे.

"घरात बसून बघायला पासपोर्ट कशाला?" कपिलाबेननी विचारलं.

"शिस्त," जशभाई म्हणाले. अर्ज त्यांनी दोन दिवस भरला. पाठवल्यावर चार मिनिटांत उत्तर आलं : आपला अर्ज मंजूर. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. मंजूर हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जावर लिहिला होता.

आता चरोतरची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. इथे माणूस परदेशी निघाला की नातेवाईक गावच्या साप्ताहिकात त्याच्या फोटोसकट जाहिरात देतात, 'परदेशगमनास हार्दिक शुभेच्छा'. जो देत नाही त्याला तो माणूस परत आल्यावर साबणाची वडीसुद्धा आणत नाही. रावजीभाईंनी प्रेमानं जाहिरात दिली. 'घरबसल्या' हा शब्दही त्यांनी दिला होता, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण छापखान्यात चौकट तयार होती, वर विमान, खाली हात जोडलेली बाई. त्या चौकटीत शब्द मावेना, म्हणून जुळाऱ्यानं तो काढला. विमान मोठं होतं, ते काढता येईना.

शुक्रवारी सकाळी जशभाई दात घासत होते तेव्हा खडकी हार घेऊन दारात उभी राहिली.

"छुपे रुस्तम निघालात की, जशभाई!"

"व्हिसा आला आणि बोलला नाहीत!"

"बोला ना आता," कपिलाबेन मागून दातओठ खाऊन म्हणाल्या.

जशभाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोणीतरी त्यात पेढा घातला. पेढा गिळेपर्यंत गळ्यात पाच हार पडले होते, आणि पाच हार घातलेल्या माणसाला खरं बोलणं फार जड जातं. हे पुढाऱ्यांकडे बघितलं तरी कळतं.

ते साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. दुरुस्ती छापा म्हणाले. संपादक म्हणाले, "छापू की. पुढच्या शुक्रवारी. मूळ जाहिरात ज्यांनी दिली त्यांचा लेखी अर्ज आणा, चौकटीत बसेल एवढंच लिहा." रावजीभाई तोवर द्वारकेला गेले होते. त्यांचा फोन गोमतीत पडला होता.

संध्याकाळपासून पार्सलं यायला लागली. परदेशी निघालेल्या माणसाकडे अर्धा किलो दिलं नाही तर चरोतरी माणसाला रात्री झोप येत नाही. खाखरे, छुंदा, हिंग, हॅरोच्या भाचीच्या लग्नाची चोळी, एक पोळपाट. समोरच्या मणिभाईंनी कापसात गुंडाळलेली डबी दिली. त्यांचे वेम्बलीचे साडू दिवाळीला आले होते, आणंदला कवळी करायला टाकली आणि ती तयार होण्याआधीच परत गेले. "बिचारे तीन महिने खिचडीवर आहेत," मणिभाई म्हणाले. "उतरल्याबरोबर दात द्या."

शेवटी आल्या चंचळबा. वय शहाऐंशी, कमरेत वाकलेल्या, शेजारच्या घरात एकट्याच राहायच्या. त्यांनी पितळी डबा ओट्यावर ठेवला.

"अल्या जशिया, लेस्टरला जाणार ना?"

"हो, म्हणजे… सहलीत शेवटच्या दिवशी आहे लेस्टर."

"तिथं माझी झवेर आहे. पाठची बहीण." त्यांनी कनवटीची एक परदेशी टपालाच्या निळ्या पत्राची घडी काढली. पत्ता झिजून पुसट झाला होता. "एकोणीस वर्षं बोललो नाही. माझ्या नातीच्या लग्नाला आली आणि भर मांडवात म्हणाली, चंचळचा मेथीपाक कडू असतो. दोनशे माणसांत! यात मेथीपाक आहे, गूळ-तुपातला. तिला द्यायचा आणि तिचं तोंड बघायचं. बाकी काही बोलायचं नाही. कडू म्हणते की नाही तेवढं येऊन मला सांग."

जशभाईंनी कपिलाबेनकडे पाहिलं. कपिलाबेननी छताकडे पाहिलं.

"देतो," जशभाई म्हणाले. हा एक शब्द त्यांना पुढे सगळ्या पार्सलांहून जड झाला.

रविवारी सकाळी दही-साखर, नारळ, कुंकू झालं. खडकी विमानतळापर्यंत यायला दोन जीपगाड्या ठरवत होती. सहलीची बस आणंदहून आहे असं सांगून जशभाईंनी ते कसंबसं टाळलं. नवरा-बायको रिक्षानं स्टेशनावर गेले, बाकड्यावर तीन तास बसले, आणि भर दुपारी, खडकी जेवून आडवी झालेली असताना, कुंभारवाड्याच्या बाजूनं मागच्या दारानं आपल्याच घरात शिरले. मागचं दार अरुंद. मोठी बॅग अडकली. जशभाई बाहेर, कपिलाबेन आत, मधे बॅग. कुंभाराचं गाढव लांबून हे सगळं बघत होतं. निवृत्त हेडक्लार्कला गाढवासमोर मान खाली घालावी लागली.

आणि सहल सुरू झाली.

खिडक्या बंद, कुकरला शिट्टी नाही, फोडणी नाही, खोकला उशीत. रोज दुपारी साडेतीनला टीव्हीत बडोद्याच्या फाल्गुनीबेन हजेरी घेत आणि मग विलायतेतली कृपाली दिसे. जन्म तिकडचा, गुजराती बोलायची ती सर्दी झाल्यासारखं. पण मुलगी गोड. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मुका ठेवलेला. मुक्या लंडनमध्ये कृपाली हात हलवत चालायची, आणि इथे कपिलाबेन कानात सांगायच्या, "हा बहुतेक त्यांचा मामलेदार असावा," तेव्हा समोर कुठल्या तरी राजाचा पुतळा असायचा. सूचनापत्रात गरम कपडे लिहिले होते म्हणून जशभाई स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून सोफ्यावर बसत. वर पंखा चालू. पडद्यावर सहलीतले सगळे प्रवासी चौकोनांत दिसत. जशभाईंच्या चौकोनात अंधार आणि मधे टोपीतले दोन डोळे. नवसारीचे एक सद्गृहस्थ रोज लिहून विचारायचे, 'काका, वीजबिल भरलं नाही का?'

तरी पण खोटं कशाला बोला, मजा येत होती. थेम्स नदी बघताना कपिलाबेन हळूच म्हणाल्या, "आपण दोघं असे शेजारी शेजारी बसून कधी काही बघितलंच नव्हतं हो." जशभाईंनी हिशेब केला. खरंच नव्हतं. त्यांनी टोपीतून मान हलवली.

चौथ्या दिवशी वेम्बलीहून मणिभाईंना फोन आला. साडूंनी विचारलं, "माझे दात कुठवर आले?" मग हॅरोहून फोन आला, चोळी आली नाही. संध्याकाळपर्यंत खडकीत ठरलं की जशभाई लंडनमध्ये हरवले. बैठक भरली ती जशभाईंच्याच ओट्यावर. बंद खिडकीच्या आत, हातभर अंतरावर, हरवलेला माणूस मफलर चावत बसला होता.

"माणूस साधा हो," मणिभाईंचा आवाज आला. "माझं नळाचं काम तीन वर्षं अडलं होतं. यांनी एका दिवसात केलं, चहासुद्धा घेतला नाही."

"माझ्या आईच्या आजारपणात रोज सकाळी स्वतः टँकर आणून उभा करायचे."

"थोडे तिरसट होते."

"होते काय म्हणता? आहेत!"

"तेच. आहेत. पण तिरसट."

जशभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाला आपल्याबद्दलचं बरं बोलणं ऐकायचं असेल तर एक तर मरावं लागतं, नाहीतर असं मागच्या दारानं यावं लागतं. ते आणखी थोडं ऐकायच्या बेतात होते. तेवढ्यात मणिभाई म्हणाले, "चंचळबा, आता तरी घरी चला. चार घास खा."

"गूळ नको घालूस कशात," चंचळबांचा आवाज अगदी खिडकीखालून आला. "बाधा घेतलीय मी, नवस केलाय. डबा झवेरला पोचेपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही."

"अहो बा, तुमचं सगळं जेवण म्हणजे गुळाचा चहा आणि गूळ-भाकरी! चार दिवस झाले."

"मग काय झालं? डबा तिला मिळाला नाही तर मी गूळ खाऊन तरी काय करू? आता किती दिवस उरलेत, तिचे आणि माझे?"

आत जशभाई उठून उभे राहिले. कपिलाबेननी त्यांचा स्वेटर धरला.

"अब्रू जाईल," त्या म्हणाल्या. मग स्वतःच स्वेटर सोडला. "जाऊ दे. आपल्याला कुठं ती बॅगेला बांधायचीय."

जशभाईंनी पुढचं दार उघडलं.

खडकीला समोर माकडटोपी, मफलर आणि हातात पितळी डबा दिसला. एक बाई किंचाळली. मणिभाई म्हणाले, "विमान लवकर आलं का?" जशभाईंनी डबा चंचळबांच्या पुढ्यात ठेवला, टोपी काढली आणि सगळं सांगितलं. तीन नकार, पावत्यांची फाइल, चौकटीत न मावलेला शब्द, पेढा, स्टेशनचं बाकडं, गाढव. काही लपवलं नाही. चौतीस वर्षांत इतकं सविस्तर टिपण त्यांनी लिहिलं नव्हतं.

मग मणिभाईंना हसू फुटलं, आणि खडकी अशी हसली की मागे कुंभाराचं गाढवसुद्धा ओरडलं. "चार दिवस शिट्टी नाही? म्हणजे खाल्लं काय?" "आमच्या खाखऱ्यांना हात नाही ना लावला?" लावला होता. तेही जशभाईंनी कबूल केलं.

चंचळबा हसल्या नाहीत. डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"म्हणजे तू गेलाच नाहीस."

"नाही, बा. तुमच्याशी खोटं बोललो. माफ करा."

"आणि ती कोण पोर? टीव्हीतली. ती तिथं चालते ते खरं की तेही खोटं?"

"खरं. खरोखर चालते."

"मग तिला पाय आहेत," चंचळबा म्हणाल्या. "झवेरच्या घराला दार असेल. एवढं शिकलात तुम्ही, मधलं मी सांगू?"

लेस्टरचा दिवस दहावा. मधल्या पाच दिवसांत चंचळबांची बाधा कोणाच्या विनवण्यांनी सुटली नाही. खडकीनं मिठाचा चहा, साखरेचा चहा, सगळं करून पाहिलं. म्हातारी वाळत चालली. जशभाई रोज फाल्गुनीबेनना फोन करत, आणि फाल्गुनीबेन रोज म्हणत, "काका, मार्ग छापील आहे. बदलता येत नाही. मागच्या खेपेला एका सुरतवाल्यानं सगळ्यांना पाऊण तास साडीच्या दुकानात उभं केलं. आता नियम आहे, सगळ्या प्रवाशांची संमती लागते."

नियम म्हटल्यावर जशभाईंना हुरूप आला. नियमातून पाणी कसं काढायचं हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं. दहाव्या दिवशी साडेतीनला टीव्ही मोठ्यानं लावला होता, दारं-खिडक्या उघड्या, आणि घरात अख्खी खडकी मांडी घालून बसली होती. पुढे चंचळबा, मांडीवर डबा. जशभाईंनी हातानं लिहिलेला अर्ज कॅमेऱ्यासमोर धरला आणि वाचूनही दाखवला : विषय, संदर्भ, सबब विनंती.

एकतीस चौकोनांतून माना हलल्या. नवसारीचे सद्गृहस्थ तेवढे अडले. "मी जुना किल्ला बघायचे पैसे भरलेत. बहिणी भांडल्या कशावरून?"

"मेथीपाक कडू आहे म्हणाली म्हणून," जशभाई म्हणाले.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

नवसारीकरांनी क्षणभर डोळे मिटले. "माझा भाऊ राजकोटला असतो," ते म्हणाले. "किल्ला राहू दे. चला, चला, लवकर."

कृपाली चालू लागली. लाल विटांची एकसारखी घरं, पावसानं ओला रस्ता. निळ्या पत्रावरच्या पत्त्याच्या घरात एक पोलिश माणूस निघाला. खडकीनं एकदम 'अरे रे' केलं. पण त्या माणसानं चपला घातल्या आणि कृपालीला घेऊन तो चार दारं पुढे गेला. तीन वर्षांपूर्वी म्हातारी मुलाकडे तिथं राहायला गेली होती. तोच तिचा कचऱ्याचा डबा दर मंगळवारी बाहेर ठेवायचा. त्यानं बेल वाजवली.

दारात पांढऱ्या केसांची, वर कोट आणि खाली सुती साडी अशी एक वाकलेली बाई आली. दोघींच्या कमरा एकाच कोनात वाकलेल्या.

कृपालीनं फोन तिच्यासमोर धरला. झवेरबेननी डोळे बारीक केले. बघितलं, बघितलं, आणि म्हणाल्या, "केवढी म्हातारी झालीस ग."

"तू काय मांडवात बसायची आहेस?" चंचळबा म्हणाल्या.

चंचळबांनी डबा उचलून टीव्हीसमोर धरला. "तुझ्यासाठी पाठवला होता. या जशियाच्या मूर्खपणानं इथंच राहिला."

"मेथीपाक?"

"मेथीपाक."

"कडू असेल."

चंचळबांनी झाकण काढलं आणि डबा जशभाईंपुढे केला. "खा. आणि सांग तिला. इथं तुझ्याशिवाय तिसरा माणूस नाही." साठ माणसं होती, पण ते असो.

जशभाईंनी वडी तोंडात घातली. चार दिवस एका खोट्यानं त्यांचा जीव खाल्ला होता. आता दुसरं बोलायची ताकद नव्हती. त्यांनी घास गिळला.

"बा," ते म्हणाले, "कडू आहे. थोडा."

लेस्टरच्या दारात झवेरबेन हसायला लागल्या. भिंतीला हात टेकून, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. "मी सांगितलं होतं! आईचापण असाच कडू व्हायचा! एकोणीस वर्षं मी इथं दर थंडीत करून बघते ग, तसा कडू होतच नाही माझा."

"मेथी जरा जास्त भाजायची," चंचळबा म्हणाल्या. "करपायच्या आधी थांबायचं. सांगते सगळं. तू आधी आत जा, थंडीत उभी राहू नकोस."

"बेन, त्यांनी गूळ सोडलाय," मणिभाईंनी मागून चुगली केली. "डबा तुम्हाला पोचेपर्यंत!"

"चंचळ! या वयात?" झवेरबेन ओरडल्या. "पोचला डबा. मला दिसला, म्हणजे पोचला. खा आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

धाकटीनं हुकूम दिला आणि थोरलीनं मानला. चंचळबांनी एक वडी घेतली, अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी टीव्हीच्या काचेला लावून धरली. काचेवर तुपाचा ठसा उमटला. कपिलाबेननी तो आजवर पुसलेला नाही.

पार्सलं ज्याची त्याला परत गेली. कवळी मणिभाईंच्या पुतणीबरोबर महिन्यानं गेली. दर रविवारी दोघी बहिणी जशभाईंच्या टीव्हीवर भेटू लागल्या. नवसारीकर राजकोटला जाऊन आले असं त्यांनी लिहून कळवलं. रावजीभाई द्वारकेहून परतले आणि हे सगळं आपल्याच डोक्यातून निघालं असं सांगत फिरू लागले. ते खरंच होतं, म्हणून कोणी काही बोलू शकलं नाही.

आणि एका सकाळी जशभाईंनी पावत्यांच्या फायलीतून व्हिसाचं पत्र काढलं. समोर कोरा कागद घेतला. कपिलाबेनना वाटलं, चौथा अर्ज. तो अर्ज नव्हता. त्यांनी लिहिलं :

'महोदय, आपल्या पत्रानुसार, मी विलायतेस गेल्यास परत येईन अशी आपली खात्री पटत नव्हती. तरी कळवण्यास आनंद होतो की मी दहा दिवस जाऊन सुखरूप परत आलो आहे. आपण होकार दिला असता तर मी एकटा गेलो असतो. आपण नकार दिल्यामुळे आमची पूर्ण खडकी गेली, आणि शहाऐंशी वर्षांच्या एक बाई, ज्यांना आपण कधीच व्हिसा दिला नसता, त्या दर रविवारी जातात. सबब, आपले मनापासून आभार. खाली माझी सही, व शेजारी सदर बाईंचा अंगठा आहे. अंगठ्यास शाईऐवजी तूप लागलेले होते, त्यामुळे कागदावर डाग पडला आहे. तो खरा समजावा.'